शेवटच्या लढाईचा हिशेब

आपल्या हॉस्टेलमध्ये वाद कशावरून होतात याची यादी केली, तर पहिल्या तिनांत मेसची भाजी, क्रिकेट आणि अ‍ॅनिमेचे शेवट हे विषय नक्की येतील. पहिले दोन सगळ्यांना कळतात. तिसरा ज्यांना कळत नाही ते लांबून बघतात आणि म्हणतात, "कार्टूनसाठी काय एवढं भांडता रे?" हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. आणि थोडासा भांडणाऱ्यांसाठीसुद्धा!

एक सूचना आधीच देतो. पुढे 'अटॅक ऑन टायटन' आणि 'डेमन स्लेयर' या मालिकांमधल्या शेवटाकडच्या गोष्टी उघड केल्या आहेत. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी आधी बघून यावं. मॅगझिन कुठे पळून जात नाही.

कोण जिंकणार हे माहीत असूनही

शेवटची लढाई म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, सगळा प्रश्न कोण जिंकतं एवढाच. तसं असतं तर रामायण कुणी दुसऱ्यांदा पाहिलंच नसतं. 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा' हा अ‍ॅनिमे चित्रपट जपानच्या युगो साको यांनी मुंबईच्या राम मोहन यांना सोबत घेऊन केला. १९९३ मध्ये तो आपल्याकडे प्रथम दाखवला गेला. हिंदीत रामाला अरुण गोविल यांचा आवाज होता, रावणाला अमरीश पुरींचा. आपल्या पिढीतल्या अनेकांनी तो लहानपणी टीव्हीवर पाहिलाय, फक्त याला अ‍ॅनिमे म्हणतात हे तेव्हा माहीत नव्हतं. २४ जानेवारी २०२५ ला तोच चित्रपट पुन्हा थिएटरात लागला आणि लोक पुन्हा गेले. रावण मरणार हे काय कुणाला माहीत नव्हतं?

दुसरं उदाहरण तर आपल्या अंगणातलं. आमच्याकडे म्हसळा-श्रीवर्धन भागात गौरी-गणपतीत जाखडी नाचतात. शक्ती-तुऱ्याचा सामना असला की एक बाजू शक्तीवाल्यांची, दुसरी तुरेवाल्यांची. गाण्यातून कोडं घालायचं, गाण्यातूनच उत्तर द्यायचं. पहाटेपर्यंत लोक चटईवर बसून असतात. घरी जाताना "कोण जिंकलं" यापेक्षा "त्याने सवाल काय टाकला आणि याने तो कसा फिरवला" हीच चर्चा जास्त. उत्तर जमलं नाही तर आपल्याच बाजूच्या शाहिराला लोक सोडत नाहीत.

अ‍ॅनिमेचे चाहते यापेक्षा वेगळं काही करत नाहीत. मालिकेने पहिल्या भागात एक सवाल टाकलेला असतो. शेवटच्या लढाईत त्याचं उत्तर यायला हवं. नुसती हाणामारी छान झाली आणि उत्तर आलंच नाही, तर माणूस चिडतो.

लढाई इतकी लांबते का?

इथे थोडं इंजिनिअरिंग. बहुतेक मालिका मुळात मांगा, म्हणजे चित्रकथा असतात. त्या साप्ताहिकात किंवा मासिकात क्रमशः छापल्या जातात. वाचकांची मतं मागवून कुठली कथा चालवायची आणि कुठली बंद करायची हे ठरवण्याची पद्धत तिथल्या साप्ताहिकांत रुळलेली आहे. म्हणजे लोकांना आवडली तर कथा दहा वर्षं चालते, आणि लेखकाला शेवट डोक्यात धरून तोपर्यंत थांबावं लागतं.

त्यात टीव्हीवरची मालिका मांगाच्या पुढे धावायला लागली की पंचाईत! 'फुलमेटल अल्केमिस्ट'चं हेच झालं. २००३ ची मालिका आली तेव्हा हिरोमू अराकावा यांचा मांगा अर्धवट होता, त्यामुळे मालिकेने आपला वेगळा शेवट रचला. मग २००९-१० मध्ये 'ब्रदरहूड' या नावाने मूळ कथेबरहुकूम ६४ भागांची मालिका पुन्हा केली. कथा एक, शेवट दोन. कुठला खरा यावर चाहते आजही भांडतात.

शिवाय लढाई हे सगळ्यात खर्चिक काम. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात, पण टीव्हीच्या अ‍ॅनिमेत एकच चित्र दोन-तीन फ्रेम तसंच धरून ठेवतात. म्हणजे सेकंदाला साधारण ८ ते १२ चित्रं. मोठ्या लढाईत ती संख्या वाढवावी लागते, कॅमेरा फिरवावा लागतो, कधी मागचा सगळा सेट थ्री-डीमध्ये बांधावा लागतो. अशा खास मेहनतीच्या तुकड्याला चाहते 'साकुगा' म्हणतात. 'अटॅक ऑन टायटन'चा "अंतिम" सीझन डिसेंबर २०२० मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर २०२३ ला संपला! फायनल इयरला तीन वर्षं लागल्यासारखंच हे. आणि जितकी वाट बघावी लागते तितकी अपेक्षा फुगत जाते.

उत्तर पटलं नाही तर

याच मालिकेवरून आमच्या खोलीत जे झालं ते सांगतो. कथा थोडक्यात अशी. एरेन नावाच्या मुलाच्या डोळ्यांदेखत एक राक्षसी टायटन त्याच्या आईला खातो. तो सगळ्या टायटनना संपवायची शपथ घेतो. शेवटी मात्र तोच एरेन हजारो टायटनना जगावर सोडतो, ८० टक्के माणसं चिरडली जातात, आणि त्याला थांबवायला त्याचेच मित्र उभे राहतात. ज्या मिकासाचं त्याच्यावर प्रेम आहे तिच्याच हातून तो मरतो.

हाजिमे इसायामा यांच्या मांगाचं शेवटचं, १३९ वं प्रकरण एप्रिल २०२१ मध्ये आलं तेव्हा चाहत्यांत उभी फूट पडली. काहींना एरेन जिंकायला हवा होता. काहींना शेवटचं त्याचं रडणं पटलं नाही. सगळ्यात मोठा आक्षेप होता आर्मिनच्या तोंडच्या एका वाक्यावर. मित्रांसाठी एवढा संहार केल्याबद्दल तो एरेनचे जवळपास आभारच मानतो, असं वाचणाऱ्यांना वाटलं. २०२३ च्या अ‍ॅनिमेत हा संवाद बदलला. तिथे आर्मिन दोषाचा वाटा स्वतःकडेही घेतो आणि दोघांची भेट नरकातच होईल असं सुचवतो. घटना तीच, लढाई तीच, फक्त काही वाक्यं वेगळी. तरी ज्यांनी आधी शिव्या घातल्या त्यांतल्या कितीतरी जणांनी हा शेवट मान्य केला. म्हणजे लोकांचं भांडण मरणाऱ्यांच्या आकड्यावरून नव्हतं. या संहाराला मालिका काय म्हणते, चूक म्हणते की बरोबर, हे त्यांना ऐकायचं होतं.

माझा श्रीवर्धनचा रूममेट मात्र मान्य करणाऱ्यांतला नव्हता. तो आठवीपासून ही मालिका बघत होता. त्याच्याकडे एक जाडजूड स्केचबुक होतं, त्यात एरेन, मिकासा, लेव्ही यांची चाळीसएक चित्रं. आम्ही सेकंड इयरला होतो, दिवाळी आठवड्यावर आली होती. शेवटचा भाग बघून त्याने लॅपटॉप बंद केला आणि ते स्केचबुक रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. म्हणाला, "इतकी वर्षं फुकट गेली." नशिबाने दिवाळीमुळे रद्दीवाला आला नाही, आणि नंतर तो गठ्ठा कॉटखाली ढकलला गेला.

पनवेलचा शो

आता उलट उदाहरण. 'डेमन स्लेयर'च्या शेवटच्या लढायांवर तीन चित्रपट करायचे ठरले. त्यांतला पहिला, 'इन्फिनिटी कॅसल', जपानमध्ये १८ जुलै २०२५ ला आणि आपल्याकडे १२ सप्टेंबर २०२५ ला लागला. गणपती नुकतेच गेले होते. मुंबईत पहाटेचे शो लागले, पण त्या वेळेला पोचायला इथून एसटी कुठली मिळणार? आम्ही सहा जण रविवारी पेणमार्गे पनवेल गाठलं. हिंदी की जपानी यावर एसटीत वाद झाला आणि शेवटी जिथे सहा तिकिटं मिळाली ते बघितलं!

थिएटरात सगळे आकाझाची वाट बघत होते. 'मुगेन ट्रेन'मध्ये रेंगोकूला मारणारा हाच. तांजिरो आणि गियू त्याच्यासमोर उभे राहिले तेव्हा शिट्ट्यांनी काही ऐकू येत नव्हतं. लोक बदला बघायला आले होते. आणि ऐन रंगात आलेली लढाई थांबवून चित्रपट आकाझाचं माणूस असतानाचं आयुष्य सांगायला लागला. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा हाकुजी. त्याला घर देणारे गुरू आणि त्यांची आजारी मुलगी कोयुकी. दोघांचं लग्न ठरतं, आणि शेजारच्या आखाड्यातले लोक विहिरीत विष कालवतात. हाकुजी एकटा उरतो, नुसत्या हातांनी ६७ माणसं मारतो आणि मग राक्षस होतो.

हे सगळं आठवल्यावर, मुंडकं तुटूनही पुन्हा उभा राहू शकणारा आकाझा स्वतःवरच घाव घालतो आणि थांबतो. शिट्ट्या कधीच बंद झाल्या होत्या. माझ्या पुढच्या रांगेतला एक काका-वयाचा माणूस, मुलाला सोबत म्हणून आलेला असावा, चष्मा काढून पुसत होता.

परतताना एसटीत पुन्हा दोन तट. एक म्हणे, "मारामारी चालू असताना मध्येच कसला फ्लॅशबॅक? सगळी मजा घालवली." दुसरा म्हणे, "तेवढ्यासाठीच तर आलो होतो." दोघांचंही म्हणणं खोटं नाही. अडीच तासांहून लांब चित्रपटात गती तुटते हे खरंच. पण मराठी वाचकाला हा प्रकार नवा वाटू नये. कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुततं तेव्हा आपणही लढाई थांबवून त्याचं अख्खं आयुष्य आठवतो. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आली. अर्जुन बरोबर की चूक हे ठरवण्यासाठी ती कुणी वाचत नाही. हरणाऱ्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं की जिंकण्याचा अर्थ बदलतो. पनवेलला तेच झालं.

थंड पाण्याचा प्रयोग

मग रूममेटला "इतकी वर्षं फुकट" असं का वाटलं? याचं उत्तर मानसशास्त्रात सापडतं. डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे. लोकांना एक हात १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० सेकंद बुडवायला सांगितला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर नेलं. दुसऱ्या खेपेत त्रास एकूण जास्तच. तरी "पुन्हा कुठलं कराल?" असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरी खेप निवडली, कारण तिचा शेवट जरा बरा होता! एखाद्या अनुभवाची आठवण आपण त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यांवरून ठरवतो. किती वेळ लागला हे मन जवळजवळ मोजतच नाही.

शेवटच्या लढाईवर एवढं भांडण का होतं ते यातून कळतं. ती लढाई एकाच वेळी तीव्र क्षणही असते आणि शेवटही. ती फसली की शंभर भागांचा आनंद आठवणीतून पुसल्यासारखा वाटतो. पण पुसल्यासारखा वाटतो, पुसला जात नाही! आठवीत, नववीत, लॉकडाऊनमध्ये ते भाग बघताना जो आनंद झाला तो होऊन गेला, तो कुणी परत नेऊ शकत नाही. चार वर्षांची डिग्री एका व्हायव्हावरून कुणी ठरवली तर आपल्याला राग येतो ना? मग मालिकेला तरी तोच न्याय का नको?

शेवट वाईट असेल तर वाईट म्हणा, जरूर म्हणा. सवाल टाकून उत्तर चुकवणाऱ्या शाहिराला आपण सोडत नाही, लेखकालाही सोडू नये. फक्त शेवटाचे मार्क वेगळे आणि प्रवासाचे मार्क वेगळे द्या.

त्या रविवारी रात्री खोलीवर आल्यावर रूममेटने कॉटखालून गठ्ठा ओढला, धूळ झटकली आणि मिकासाच्या पुढच्या कोऱ्या पानावर आकाझा काढायला घेतला. अटॅक ऑन टायटनच्या शेवटाला तो अजूनही शिव्याच घालतो. स्केचबुक मात्र आता टेबलावर असतं.