गर्भरक्षांबिकेचा शोध आणि ब्राउझरची नोंदवही

तिरुक्करुगावूर (तमिळनाडू) : तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर वेट्टारू नदीकाठी वसलेल्या या गावाचे माहात्म्य त्याच्या नावातच आहे. तमिळ भाषेत ‘करु’ म्हणजे गर्भ, ‘का’ म्हणजे राखणे आणि ‘ऊर’ म्हणजे गाव. येथील प्राचीन शिवमंदिरात मुल्लैवननाथर आणि गर्भरक्षांबिगै ही दैवते आहेत. निध्रुव ऋषींची पत्नी वेदिका हिचा ढळलेला गर्भ देवीने घटात राखून वाढविला, अशी स्थलपुराणातील कथा आहे. अपत्याची आस असलेली जोडपी येथून प्रसादाचे तूप नेतात, तर गर्भवतींना सुखरूप प्रसूतीसाठी एरंडेल तेल दिले जाते. तंजावरच्या भोसले राजवटीमुळे हा मुलूख मराठी वाचकाला तसा परका नाही. मात्र या देवळाची चौकशी करणारा आज ती बहुधा मोबाईलवरच करतो.

आणि ही चौकशीच पुष्कळ काही सांगून जाते. ‘कुंभकोणमला कसे जावे’ असे विचारणाऱ्याविषयी फारसा तर्क करता येत नाही. गर्भरक्षांबिगैच्या तुपाविषयी विचारणाऱ्याच्या घरी मात्र अपत्याची प्रतीक्षा आहे, किंवा दिवस राहिले आहेत, किंवा पूर्वी एखादा गर्भ राहून गेला आहे, एवढे अनोळखी माणूसही ताडू शकतो. तीन महिने पुरे होईपर्यंत गोड बातमी बाहेर सांगू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. सासर-माहेरच्या माणसांनाही न सांगितलेली गोष्ट ब्राउझरच्या वाटेने कोठकोठे पोहोचते, हे पाहण्यासाठी या गावाच्या नावाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

समजा, पुण्यातील एक विवाहिता हे नाव ब्राउझरच्या पत्तापट्टीत टाइप करू लागते. शोधसूचना देण्याची सोय सुरू असेल, आणि बहुतेक ब्राउझरमध्ये ती आधीपासूनच सुरू असते, तर पहिली काही अक्षरे उमटताच ती शोधयंत्राकडे रवाना होतात. शोधाचे बटण दाबलेच पाहिजे असे नाही. पुढे एखादे संकेतस्थळ उघडले, की ब्राउझर त्याला काही माहिती आपणहून देतो : ज्या आयपी पत्त्यावर पान पाठवायचे तो पत्ता, ब्राउझरचा आणि कार्यप्रणालीचा प्रकार, आणि वापरकर्त्याच्या पसंतीची भाषा. आयपी पत्त्यावरून सेवा पुरविणारी कंपनी आणि साधारणपणे शहर कळते. भाषेच्या रकान्यात मराठी असेल, तर तमिळनाडूतील एका खेड्याच्या पानावर आलेला हा मराठी वाचक गर्दीत अधिकच उठून दिसतो. यात कोणतीही चोरी नाही; पान योग्य भाषेत आणि योग्य आकारात दिसावे म्हणून ही देवाणघेवाण होते.

खरी गुंतागुंत त्यानंतर सुरू होते. मंदिरांची माहिती देणाऱ्या अनेक खासगी संकेतस्थळांवर जाहिरातींच्या चौकटी असतात. त्या चौकटीतील मजकूर त्या संकेतस्थळाचा नसतो. तो जाहिरात कंपनीच्या संगणकावरून येतो आणि येताना आपली कुकी ब्राउझरमध्ये ठेवू शकतो. कुकी म्हणजे मजकुराची एक लहानशी चिठ्ठी. नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये ती योजली, तेव्हा हेतू साधा होता : तोच ग्राहक पुन्हा आला हे दुकानाला ओळखता यावे. मात्र एकाच जाहिरात कंपनीच्या चौकटी हजारो संकेतस्थळांवर असल्या, की तीच चिठ्ठी दर ठिकाणी वाचली जाते. सकाळी देवळाची माहिती, दुपारी फॉलिक आम्लाच्या गोळ्यांची चौकशी, रात्री ‘सहाव्या आठवड्यात रक्तस्राव’ हा शोध. वेगवेगळ्या पानांवर विखुरलेल्या या गोष्टी एका सूत्रात ओवल्या जातात. त्यात नाव नसले तरी बिघडत नाही, कारण जाहिरातदाराला नावाशी कर्तव्य नसते.

अशा तर्काची ताकद जुनीच आहे. अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानसाखळीने सुमारे २५ वस्तूंच्या खरेदीवरून ग्राहक गर्भवती आहे का, याचा अंदाज बांधणारी पद्धत तयार केली होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिकाने २०१२ मध्ये ती उघड केली. ती दुकानातील पावत्यांवर चालत होती. ब्राउझरपाशी पावतीच्या आधीची शंका, भीती आणि आशाही असते.

या तर्काला सुरुवात सहज सापडते. शेवट मात्र त्याला कळतोच असे नाही. ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये काम करणाऱ्या एका महिलेचे बाळ २०१८ मध्ये मृत जन्मले. त्यानंतरही तिच्या पडद्यावर बाळाच्या वस्तूंच्या जाहिराती येतच राहिल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तंत्रज्ञान कंपन्यांना लिहिलेल्या खुल्या पत्रात तिने विचारले, की मी गर्भवती आहे हे तुम्हाला कळले, तर माझे बाळ गेले हे का कळले नाही. गर्भ राखणाऱ्या देवीचा पत्ता शोधणाऱ्यांत अशा दुःखातून गेलेल्या स्त्रियाही असणार. पाळण्याची जाहिरात त्यांच्यासाठी केवळ एक गैरलागू जाहिरात नसते.

यावर उपाय म्हणून बहुतेकांना आठवतो तो गुप्त मोड. त्याच्याविषयीचा गैरसमज मोठा आहे. गुप्त मोड उपकरणावर शोधांचा इतिहास ठेवत नाही आणि खिडकी बंद होताच कुकी पुसतो; घरातील दुसऱ्या माणसापासून तो आडोसा देतो, एवढेच. संकेतस्थळ, इंटरनेट सेवा देणारी कंपनी किंवा कार्यालयाचे नेटवर्क यांच्यापुढे तो पडदा धरत नाही. संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक स्वरूपात असते, त्यामुळे इंटरनेट सेवादात्याला नेमके कोणते पान वाचले ते दिसत नाही. संकेतस्थळाचे नाव मात्र साधारणपणे दिसते, आणि येथे नावातच सारे आले. अमेरिकेत २०२० मध्ये याच मुद्द्यावर गूगलविरुद्ध दावा दाखल झाला. गुप्त मोडमध्येही माहिती गोळा होते, ही वादींची तक्रार होती. एप्रिल २०२४ मध्ये मांडलेल्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. त्याआधी जानेवारीतच गुप्त मोडच्या पहिल्या पानावरील सूचनेची भाषा बदलण्यात आली होती.

त्यामुळे सेटिंग्ज चाळण्याआधी आपल्याला कोणापासून आडोसा हवा, हे ठरवावे लागते. घरातील माणसे, जाहिरातींचे जाळे आणि जिच्या खात्यावर आपण प्रवेश केलेला आहे ती कंपनी, हे तीन निरनिराळे वाचक आहेत. एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

भारतीय घरांत पहिला वाचक सर्वांत जवळचा असतो. एकच फोन नवरा-बायको, सासू आणि शाळकरी मूल यांच्या हाती फिरतो. पत्तापट्टीत ‘ग’ टाइप करताच जुना शोध वर येतो. येथे गुप्त मोड खरोखरच उपयोगी आहे. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये गुप्त खिडक्या बोटाच्या ठशाने कुलूपबंद करता येतात आणि केवळ शेवटच्या १५ मिनिटांचा इतिहास पुसण्याचीही सोय आहे. सगळा इतिहास पुसला, तर तेच संशयाला कारण ठरू शकते. मात्र ब्राउझरमध्ये सिंक सुरू असेल, तर फोनवरील शोध घरातील सामाईक संगणकावरही उमटतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

जाहिरातींच्या जाळ्यासाठी तृतीय पक्षाच्या कुकी बंद करणे ही पहिली पायरी. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून त्या पूर्णपणे अडविल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवण्याची पद्धत सर्वांसाठी लागू केली. गूगलने २०२० मध्ये दोन वर्षांत त्या हद्दपार करण्याचे जाहीर केले, मुदत वारंवार पुढे ढकलली आणि २०२४ मध्ये बेत सोडला. जाहिरात हाच ज्या कंपनीचा मुख्य धंदा, तिच्याकडून याहून वेगळी अपेक्षा बाळगणे कदाचित भाबडेपणाचेच होते. परिणामी क्रोम वापरणाऱ्याला हे काम स्वतः करावे लागते : सेटिंग्जमध्ये ‘गोपनीयता आणि सुरक्षा’ या भागात जाऊन तृतीय पक्षाच्या कुकी ब्लॉक कराव्यात. तेथेच ‘साइट सेटिंग्ज’मध्ये स्थान आणि सूचना यांच्या परवानग्या तपासता येतात. देवळाच्या आरतीच्या वेळा पाहताना घाईत ‘अनुमती द्या’ दाबले गेले, तर त्या संकेतस्थळाच्या सूचना पुढे कित्येक महिने फोनच्या पडद्यावर, कोणाच्याही देखत, झळकत राहतात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधून जाहिरात ओळखक्रमांकही हटविता येतो. ॲपमधील पाठलाग त्याने कमी होतो.

कुकी अडवूनही ओळख पूर्णपणे पुसली जात नाही. पडद्याचा आकार, फॉन्ट, कालविभाग, ब्राउझरची आवृत्ती यांचा मेळ बोटाच्या ठशासारखा वेगळा ठरू शकतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये तपासलेल्या सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरपैकी ८३.६ टक्के या मेळावरून एकमेवाद्वितीय ठरले होते. सफारी आणि फायरफॉक्स अशा ठशाला काही प्रमाणात आळा घालतात.

तिसरा वाचक, म्हणजे खाते. गूगलमध्ये प्रवेश केलेला असताना केलेले शोध ‘वेब आणि अ‍ॅप ॲक्टिव्हिटी’ या नोंदीत जमा होतात. ब्राउझरमधील इतिहास पुसला तरी ही नोंद आपोआप पुसली जाईलच असे नाही. ती थांबविता येते किंवा ३, १८ अथवा ३६ महिन्यांनी आपोआप नष्ट होईल अशी लावता येते. तीन महिने हा पर्याय वरील रीतीशी योगायोगाने जुळतो. जाहिरातींच्या सेटिंग्जमध्ये ‘गर्भधारणा आणि पालकत्व’ या विषयाच्या जाहिराती कमी दाखवाव्यात, असाही पर्याय आहे. फार थोड्यांना तो ठाऊक असतो. ज्या घरात नुकतेच दुःख झाले आहे, तेथे दुसऱ्या कोणी तरी हा एक बदल करून दिला, तरी त्या स्त्रीचा त्रास थोडा हलका होईल.

गर्भाविषयीच्या शोधांकडे कायद्याने निराळ्या कारणासाठीही पाहिले आहे. गर्भलिंग निदानाच्या जाहिराती शोधयंत्रांवर दिसतात, या डॉ. साबू जॉर्ज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये मध्यवर्ती यंत्रणा नेमण्याचा आदेश दिला. तिने कळविल्यापासून ३६ तासांत कंपन्यांनी असा मजकूर हटवायचा होता. विशिष्ट शब्द ओळखून असा मजकूर आपोआप रोखण्याचेही गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मान्य केले. गर्भाशी निगडित शोध शब्दावरून वेगळा काढता येतो, हे त्यातून न्यायालयासमोरच स्पष्ट झाले होते. ज्या क्षमतेने मुलींचे रक्षण करायचे, त्याच क्षमतेने जाहिरातीही विकल्या जातात.

गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती घेण्यापूर्वी स्पष्ट सूचना आणि संमती, दिलेली संमती तितक्याच सहजपणे मागे घेण्याची मुभा आणि माहिती पुसून मागण्याचा अधिकार त्यात आहे. १८ वर्षांखालील मुलांचा माग काढून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. आरोग्यविषयक माहितीचा ‘संवेदनशील’ असा स्वतंत्र वर्ग मात्र या कायद्यात नाही. गर्भारपणाची नोंद आणि चपलेच्या मापाची नोंद त्याच्या लेखी एकाच पंक्तीत बसते. कंपन्यांवरील मुख्य बंधने नियम अधिसूचित झाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत.