बॉडी हीच वायर

आमच्या गल्लीतल्या गॅरेजात भिंतीवर खिळ्याला दहाचा एक पाना टांगलेला आहे. तो आता कोणी वापरत नाही. दांड्याच्या मध्यावर करंगळीचं नख बसेल एवढी खाच आहे आणि खाचेच्या कडा पाघळलेल्या गुळासारख्या गोल झाल्या आहेत. नवा पोरगा कामाला लागला की मिस्त्री आधी तो पाना त्याच्या हातात देतात. पूर्वीच्या एका पोराने बॅटरीचं प्लस टर्मिनल ढिलं करताना दांडा शेजारच्या पत्र्याला टेकवला होता. पापणी लवेपर्यंत पोलाद वितळलं.

बॅटरी बाराच व्होल्टची. दोन्ही टर्मिनलं कोरड्या हातांनी धरली तरी काही जाणवत नाही, कारण कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो. म्हणून बॅटरीचा धाक कुणाला वाटत नाही. पण पान्याचा रोध जवळजवळ शून्य आणि धडधाकट बॅटरीचा स्वतःचा रोध ओहमचे जेमतेम पाच-सात हजारांश. ओहमचा नियम लावून पाहा, प्रवाह हजार अँपिअरच्या वर जातो. घरातला मिक्सर तीन-साडेतीन अँपिअरवर चालतो! पान्याच्या जागी बोटातली अंगठी आली तर ती क्षणात तापते आणि घाईत निघतही नाही. बॉनेट उघडण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढून खिशात ठेवा. याला अपवाद करू नका.

त्या पोराचं नेमकं चुकलं कुठे? मोटारीत बहुतेक दिव्यांना आणि हॉर्नला प्लसची वायर जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचं मायनस एका जाड वायरने बॉडीला बांधलेलं असतं, त्यामुळे गाडीचं उघडं लोखंड कुठेही धरलं तरी तुम्ही मायनसच धरलेलं असतं. हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं की क्रम पाठ करावा लागत नाही. सोडवताना आधी मायनस. तेव्हा पाना पत्र्याला लागला तर मायनसला मायनस भेटतं, काहीच घडत नाही. मायनस सुटून बाजूला झालं की परतीची वाटच तुटली; मग प्लस सोडवताना पाना पत्र्याला कुठेही लागो. जोडताना उलट, आधी प्लस आणि मायनस सगळ्यात शेवटी. 1960च्या दशकापर्यंतच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॉडीला प्लस बांधलेलं असे. तिथे प्लस आधी सोडवायचं. बॉडीला बांधलेलं टोक आधी, असा तो खरा नियम.

नवी बॅटरी बसवताना खुणा पुसट झाल्या असतील तर टर्मिनलांची जाडी बघा. गोल खुंट्यांच्या बॅटरीत प्लसची खुंटी मायनसपेक्षा सुमारे दीड मिलिमीटर जाड असते. उलटी जोडणी झाली तर आल्टरनेटरचे डायोड पहिल्या झटक्यात जातात.

आता सेल्फकडे वळू. विजेवर चालणारा स्टार्टर 1912च्या कॅडिलॅकमध्ये आला, चार्ल्स केटरिंग यांच्या कामातून. तोवर हँडल मारावं लागे आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. आजच्या छोट्या कारचा सेल्फही सुरुवातीला दीडशे अँपिअरच्या आसपास ओढतो. एवढा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून नेता येत नाही. म्हणून किल्लीकडून बारीक वायर फक्त सोलेनॉइडला जाते. तो दातेरी चाक पुढे ढकलतो आणि बॅटरीकडून आलेल्या जाड केबलचा संपर्क जुळवतो. त्या जाड केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो आणि किल्ली काढली तरी ती जिवंतच असते. म्हणून सेल्फच्या नटाला हात घालण्याआधी मायनस काढलंच पाहिजे. केबल परत बसवताना ती इंजिनावर घासणार नाही अशी क्लिपांत अडकवा. आवरण झिजून तांबं उघडं पडलं तर त्याचा जाळ व्हायला वेळ लागत नाही.

किल्ली फिरवली आणि नुसतं ‘कट-कट-कट’ वाजलं तर बॅटरी बदलायला धावू नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचून तिथला रोध ओहमचे वीस हजारांश झाला, तरी दीडशे अँपिअरला तीन व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि साडेचारशे वॉटची उष्णता त्या एका सांध्यात निघते. बॅटरी खंगली असेल तरी हाच आवाज येतो: सोलेनॉइड ओढतो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा ओढतो. म्हणून आधी टर्मिनल चाचपा. गरम लागलं तर दोष तिथेच आहे. केबल काढून खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ब्रश करा, कोरडं पुसा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. सोड्याचं पाणी मात्र बॅटरीच्या आत जाता कामा नये.

एक वायर बहुतेकांच्या नजरेतून सुटते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं, म्हणून इंजिनापासून बॉडीपर्यंत अर्थिंगची वेगळी पट्टी लागते. ती तुटली की सेल्फचा प्रवाह सापडेल त्या वाटेने परत जातो. जुन्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरची तार तापून धुराडलेली मिळते आणि दुरुस्ती भलत्याच ठिकाणी सुरू होते.

दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावताना बॅटरीतल्या वायूचा विचार करावा लागतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचं प्रमाण 4 टक्के झालं की तो पेट घेऊ शकतो. लाल केबल आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळी चालू गाडीच्या मायनसला. आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या रंग नसलेल्या लोखंडाला. पट्टे आणि पंख्यापासून ती दूर ठेवा, तोंड मागे घ्या. ती क्लिप टेकवताना बारीक ठिणगी उडते, उडायचीच. बॅटरीपासून हातभर लांब उडाली की तिला पेटवायला काही सापडत नाही. गाडी सुरू झाली की पहिल्यांदा तीच क्लिप काढायची.