घट्ट बंडी

तंत्रज्ञ मुलीने बंडी उलटी केली आणि आतल्या करड्या पट्ट्यांवर पाण्याचा फवारा मारला. चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या धाग्याने विणलेल्या या पट्ट्या म्हणजेच इलेक्ट्रोड. हृदयाच्या ठोक्याबरोबर छातीच्या त्वचेवर उमटणारा विजेचा संकेत जेमतेम एक मिलिव्होल्टचा; कोरड्या कातडीवरून तो नीट टिपता येत नाही. तरुण माणूस चार पावलं चालला की घाम येतो आणि काम भागतं. बेंगळुरूच्या जानेवारीत अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला घाम कुठून येणार?

जयनगरच्या त्या घरात ही बंडी माझ्या मामांना घालायची होती. त्यांचा उजवा खांदा आखडलेला, डोक्यावरून काही घालता येत नाही. बंडी पुढून उघडणारी होती, म्हणून निभावलं. वेल्क्रो लावून झाल्यावर मुलीने बरगडीखाली यंत्राची डबी टिचबटणांनी बसवली आणि मोबाइलवर आलेख उमटला. मामा स्वस्थ बसले होते तोवर ठोका न् ठोका सुबक. ते खुर्चीतून उठले मात्र, रेषा सैरावैरा धावली. हृदय ठीक होतं, कापड कातडीवरून सरकलं होतं. "अंकल, थोडं घट्ट करते," म्हणत तिने पट्टा बोटभर आवळला. रेषा सुधारली. मामा म्हणाले, "आता जेवण कसं जाणार?"

यंत्राला कापड अंगाला चिकटलेलं हवं आणि म्हातारपणाला सैल. पातळ झालेल्या त्वचेवर इलॅस्टिकचे वळ तासाभरात उठतात. अशा कपड्याचा एक मोठा प्रयोग १९९६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये सुरू झाला. सुंदरेसन जयरामन यांनी तो सैनिकांसाठी केला, गोळी कुठे लागली हे दुरून कळावं म्हणून. घट्ट कपड्यात घाम गाळणारं तरुण शरीर तिथे गृहीत होतं. मला वाटतं, आजही बंडी बेतताना बरेचदा तेच शरीर डोळ्यांपुढे असतं.

बेंगळुरूतच याला वेगळं उत्तर सापडलं आहे. आयआयटीत शिकलेल्या मुदित दंडवते आणि गौरव परचानी यांनी २०१५ मध्ये डोझी ही कंपनी सुरू केली. त्यांची संवेदक पट्टी गादीखाली असते, अंगावर काहीच नाही. हृदय रक्त ढकलतं तेव्हा सगळं शरीर सूक्ष्म हादरतं. ते हादरे आणि श्वासाची हालचाल पट्टी टिपते. या हादऱ्यांचा अभ्यास आयझॅक स्टार या अमेरिकी डॉक्टरांनी १९३०च्या दशकातच टांगत्या पलंगावर केला होता. मामांना हीच कल्पना पटली आणि रात्रीपुरती मलाही. पण माणूस पलंगावरून उठला की गादीला त्याचा पत्ता नसतो.

मला काळजी आहे ती न्हाणीघराची. ओल्या फरशीवर पाय घसरतो तो तिथे. पडणं ओळखणारा संवेदक बंडीच्या डबीत बसवता येतो, पण अंघोळीला जाताना बंडी खुंटीवर अडकवलेली असते. ती डबी मनगटावर नाहीतर गळ्यात वेगळी घालता आली पाहिजे, असं मी त्या मुलीला सांगितलं. तिने ते लिहून घेतलं.

मामी इतका वेळ दारात उभ्या होत्या. "बायकांसाठी काय आहे?" त्यांनी विचारलं. बंडीची पट्टी बसायची ती स्तनांच्या खाली, जिथे ब्लाउजची किनार आधीच काचते आणि उन्हाळ्यात घामोळं येतं. मुलीकडे त्या दिवशी पुरुषांच्याच मापाच्या बंड्या होत्या. तिने टेप काढला, मामींना आत नेलं आणि ब्लाउजवरूनच मापं घ्यायला सुरुवात केली.