टिपेश्वरच्या अरण्यातील श्रवणक्षेत्र

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळचे, १९९७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेले टिपेश्वरचे सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे सागवानी अरण्य पाहावयास जे पर्यटक सुन्ना फाटकातून प्रवेश करतात, त्यांचे डोळे व्याघ्रदर्शनासाठी आतुर असतात. परंतु ज्या गाईडच्या भरवशावर ते निघालेले असतात, तो वाघाचा माग डोळ्यांइतकाच कानांनी काढीत असतो. चितळाची तीक्ष्ण किंकाळी, सांबराचा भरदार आवाज किंवा उंच फांदीवरील वानराचे खाकरणे, असा एखादा धोक्याचा ‘कॉल’ कानी पडताच जिप्सीचे इंजिन बंद होते आणि सारे स्तब्ध होतात. हाच इशारा बाकीच्या कळपाच्या दृष्टीने जीवनमरणाचा असतो.

परंतु पर्यटकांच्या गोंगाटात हा इशारा बुडून जातो. ध्वनी मोजण्याचे डेसिबल हे परिमाण लघुगणकीय असल्यामुळे, सभोवारचा गोंगाट अवघ्या ३ डेसिबलांनी वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते. आणि ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने, जी हाक पूर्वी १०० मीटरांवरून ऐकू येत असे, ती आता सुमारे ७० मीटरांच्या आतच ऐकू येते, म्हणजे श्रवणाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

पर्यटकांची बेशिस्त कधी गोंगाटापुरतीच राहत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी वाघीण व तिच्या बछड्यांची वाट अडविली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. अशा प्रसंगी शिक्षा अवश्य व्हावी. परंतु रोजच्या कोलाहलावर अधिक सौम्य उपायही लागू पडतो. कॅलिफोर्नियातील म्यूर वूड्स या रेडवुड वृक्षांच्या वनात संशोधकांनी शांतता राखण्याची विनंती करणारे फलक लावून ध्वनिमापन केले, तेव्हा गोंगाट सुमारे ३ डेसिबलांनी उतरला, जणू पर्यटकांची संख्याच निम्मी झाली. आणि खुद्द पर्यटकांनीही या व्यवस्थेचे स्वागत केले.

टिपेश्वरातही पाणवठ्यांलगतचे काही टप्पे शांतताक्षेत्र म्हणून मुक्रर करावेत, फाटकावर गाईडने केवळ ताकीद न देता तिचे कारणही समजावून सांगावे, आणि ध्वनीच्या पातळीची नियमित नोंद ठेवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे; कारण जी शांतता हरणांना जगवते, तीच पर्यटकाला वाघापर्यंत नेते, आणि म्हणून तिच्या बंदोबस्ताचा खर्च अभयारण्याच्या वार्षिक आराखड्यात वणवे रोखणाऱ्या जाळरेषांच्या खर्चाइतक्याच हक्काने मांडला गेला पाहिजे.