खोकल्याचे कारण भिंगाखाली

रविवारच्या मिस्सेला प्रवचन चालू असताना मागच्या बाकांवरून खोकला ऐकू येतो. थंडीच्या दिवसांत त्यात नवल नाही. परंतु तोच खोकला त्याच बाकावरून तिसऱ्या रविवारीही ऐकू आला, म्हणजे आम्हांला काळजी वाटू लागते.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ असेच खोकत होते. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली, खोकल्याच्या औषधाची बाटली दिली आणि घरी पाठविले. बेडका तपासून घ्या, असे सांगावयास हवे होते. ते सांगितले नाही. तीन महिन्यांनी खोकल्यातून रक्त पडले तेव्हा क्षय उघडकीस आला. औषधाने ते बरे झाले, पण एक फुप्फुस बरेचसे निकामी झाले आणि पोते उचलणे कायमचे सुटले. ही चूक आमची. म्हणूनच हे चार शब्द.

क्षयाचा जंतू डोळ्यांना दिसत नाही. डॉ. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे तो शोधल्याचे जाहीर केले. तो ओळखण्याची रीत समजण्यास सोपी आहे. बेडक्याचा पातळ थर काचपट्टीवर पसरून वाळवितात. त्यावर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतून खालून ऊब देतात. मग आम्लाने पट्टी धुतात. इतर जंतूंचा व पेशींचा लाल रंग निघून जातो. क्षयाच्या जंतूवर मेणासारखे आवरण असते, म्हणून तो रंग सोडीत नाही. शेवटी निळा रंग देतात. हजारपट मोठे करून पाहिले, की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. त्या मोजूनच रोग किती जोरात आहे, हे अहवालात लिहितात.

मात्र या तपासणीला मर्यादा आहे. एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असतील, तरच ते भिंगाखाली सापडतात. म्हणून तोंडातील लाळ देऊन उपयोग नाही. चूळ भरावी, खोल श्वास घ्यावा व छातीतून खोकून बेडका काढावा. सकाळी उठल्याबरोबरचा बेडका उत्तम. जंतू थोडे असले, तर ट्रूनॅटसारखे यंत्र ते अधिक खात्रीने शोधते आणि मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही सांगते. हे यंत्र गोव्यातील कंपनीने बनविले असून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यास मान्यता दिली आहे.

आता शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावे असे आणखी एक दुखणे. भिजलेला कडबा, गवत किंवा उसाची चिपाडे ढिगात तापतात, तेव्हा त्यांत सूक्ष्म जंतू व बुरशी माजते. ढीग उपसताना ती धूळ छातीत जाते. चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला व धाप लागते. एक-दोन दिवसांत उतरते. माणूस म्हणतो, हवा बदलली. पुन्हा ढीग, पुन्हा ताप, असे होत होत फुप्फुसाला व्रण पडतात आणि ते आखडते. अशा रोग्याच्या बेडक्यात लाल काड्या सापडत नाहीत. फुप्फुसाचा तुकडा काढून पाहिला, तर दाहाच्या पेशींच्या लहान लहान गाठी दिसतात. क्षयाच्या गाठींत मध्यभागी आढळणारा पनीरासारखा कुजका भाग त्यांत नसतो. परंतु बहुधा तुकडा काढण्यापूर्वीच डॉक्टरांना सुगावा लागतो, तो तुमच्या सांगण्यावरून. म्हणून आपण कोणते काम करतो, हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. वैरण नीट वाळवूनच रचावी. बुरशीचा ढीग मोकळ्या हवेत, नाकातोंडावर चांगला मुखवटा बांधून उपसावा.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, यांपैकी काहीही असल्यास सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. तपासणी व औषधे मोफत आहेत. साध्या क्षयाचे औषध बहुधा सहा महिने चालते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून सरकार महिना १,००० रुपये देते. मुलीचे लग्न मोडेल, या भीतीने कित्येक घरी रोग लपवितात. त्याच घरातील लहान मुले मग तो श्वासावाटे घेतात. यात लाज कसली?

प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांना याजकांकडे दाखवावयास पाठविले होते. आज आम्ही याजकच तुम्हांला प्रयोगशाळेकडे पाठवीत आहोत. प्रार्थना आम्ही करूच; बेडक्याची डबी तुम्ही घेऊन जा.