मेंदूतल्या प्रथिनांचा ताळमेळ

फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकाराचे जनुक १९९१ मध्ये सापडले. ऑटिझमशी जोडल्या गेलेल्या एकेरी जनुकदोषांत हा सर्वाधिक आढळणारा दोष. या जनुकापासून बनणारे एफएमआरपी हे प्रथिन चेतापेशींच्या सांध्याजवळ, म्हणजे सायनॅप्सपाशी, पहारा देते. तिथे इतर प्रथिने घडवण्याच्या सूचना आरएनएच्या रूपात तयारच असतात. एफएमआरपी त्या रोखून धरते. शेजारच्या पेशीकडून ग्लुटामेट या रसायनाचा संदेश आला की पकड सैल होते, हवी ती प्रथिने जागच्या जागी बनतात आणि सांध्याची ताकद बदलते. शिकणे आणि लक्षात राहणे यावरच उभे आहे. त्याच संदेशासरशी नवे एफएमआरपीही बनते आणि लगाम पुन्हा खेचला जातो. फ्रॅजाइल एक्समध्ये हा लगामच नसतो, म्हणून प्रथिने गरजेपेक्षा जास्त बनतात.

मग निर्मितीला आळा घातला की प्रश्न सुटला, असे वाटेल. पण अमेरिकेतील एमआयटीच्या मार्क बेअर यांच्या गटाने २०११ मध्ये वेगळेच दाखवले. ट्यूबरस स्क्लेरोसिस या विकारातही ऑटिझम बराच आढळतो. त्याचा जनुकदोष असलेल्या उंदरांत मात्र सांध्यावरची प्रथिननिर्मिती घटलेली होती. दोन्ही दोष एकाच उंदरात आणल्यावर सांध्याचे काम आणि स्मरण सुधारले! म्हणजे अति आणि उणे, दोन्ही घातकच. जिथे उत्पादन स्वतःलाच आवरते आणि तेही थोड्या उशिराने, तिथे नुसत्या अंदाजाने भागत नाही, समीकरणे मांडावी लागतात. रशियातील नोव्होसिबिर्स्कच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॉडेलमध्ये हीच निर्मिती परिस्थितीनुसार कधी स्थिर राहते, कधी हेलकावते, तर कधी पार अनियमित होते. सरासरी मोजणाऱ्या चाचणीला हा फरक दिसणारच नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की कागदावरचे समीकरण म्हणजे मेंदू नव्हे. खरेच आहे, पण नेमके काय आणि केव्हा मोजावे, हे मॉडेल सांगते आणि ते चुकले तर कुठे चुकले तेही कळते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ग्लुटामेटचा हाच मार्ग रोखणारे मॅव्होग्लुरंट हे औषध उंदरांत आश्वासक ठरले, माणसांवरील चाचण्यांत मात्र अपयशी. माझ्या मते यातून नियंत्रणाची कल्पना खोटी ठरत नाही. एकच झडप कायमची दाबून धरण्याची घाई तेवढी उघडी पडते. वय, मात्रा आणि वेळ यांचा हिशेब आधी मांडायला हवा. तिसरा आक्षेप मान्यच करावा लागेल: बहुसंख्य ऑटिस्टिक व्यक्तींत हे दोन्ही दोष नसतात. त्यामुळे हे सर्वांचे स्पष्टीकरण नाही, एका वाटेचा नकाशा आहे.

पालकांना एकच विनंती. या संशोधनाचा आहारातल्या प्रथिनांशी किंवा प्रोटीन पावडरीशी काहीही संबंध नाही. त्याच्या नावाने कुणी औषध विकत असेल, तर घेऊ नका. फ्रॅजाइल एक्सची तपासणी रक्ताच्या नमुन्यावरून होते. तिची गरज आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.