मापाशिवाय सदरा शिवू नका!
जाहिरातीचा मजकूर बाहेरून लिहून घेणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी

व्यापारी बंधूंनो, मागच्या लग्नसराईत आमच्या हातून एक चूक घडली. सांगताना संकोच वाटतो, पण तुमचे नुकसान टळावे म्हणून सांगतो.

मुळशी तालुक्यात आमचे कापडाचे दुकान आहे. पूर्वी आमचे गिऱ्हाईक म्हणजे आसपासची भातशेती करणारी कुटुंबे आणि पिरंगुटच्या कारखान्यांतील कामगार. सारे ओळखीचे, त्यामुळे जाहिरातीची गरजच पडली नाही. आता हिंजवडी, माण, मारुंजी भागात मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. तिथला नवा माणूस आम्हाला ओळखत नाही. जुने गिऱ्हाईकही लग्नाचा बस्ता बांधायला चांदणी चौक ओलांडून पुण्यात लक्ष्मी रोडला जाते. म्हणून पत्रक छापायचे ठरले.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. मराठी आम्ही दिवसभर बोलतो, पण चार ओळी लिहायला बसलो की ऱ्हस्व-दीर्घ आडवे येते. तेव्हा जाहिराती लिहून देणाऱ्या एका तरुणाला फोन केला. असा लेखक कोणाच्या नोकरीत नसतो, कामाप्रमाणे पैसे घेतो. त्याला फ्रीलान्स कॉपीरायटर म्हणतात. आम्ही त्याला एवढेच सांगितले, "पैठण्या आल्या आहेत, जोरदार लिहा." त्याने जोरदार लिहिले: "अस्सल येवला पैठणी, फक्त १,८०० रुपयांत!" आम्ही घाईत नजर फिरवली आणि दोन हजार पत्रके वाटली.

आमचा माल सेमी पैठणी होता, म्हणजे यंत्रमागावरचा. आठवड्याने एक वयस्कर बाई साडी घेऊन आल्या. त्यांनी पदर उलटा करून आमच्यापुढे ठेवला. मागे कापलेल्या दोऱ्यांची दाटी होती. "शेठ, माझ्या आईची पैठणी मी पाहिलीय. तिचा पदर दोन्हीकडून सारखा होता. ही अस्सल कशी?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. हातमागावर रंगीत दोरे एकमेकांत अडकवून पदराची नक्षी विणतात, म्हणून ती उलटसुलट सारखी दिसते, हे आम्हाला का ठाऊक नव्हते? पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव वाटेल त्या साडीला लावता येत नाही. आम्ही बाईंचे पैसे परत केले, ज्यांचे नंबर बिलावर होते त्यांना फोन करून खरे सांगितले आणि उरलेली पत्रके फाडून टाकली.

आधी लेखकाचा राग आला. रात्री शांतपणे विचार केला तेव्हा कळले की दोष आमचा होता. त्याने साडी पाहिलीच नव्हती, कारण आम्ही ती दाखवली नव्हती. माप न देता कापड शिंप्याकडे टाकायचे आणि सदरा घट्ट झाला म्हणून त्याच्याशी भांडायचे, असा हा प्रकार झाला.

किर्लोस्करांचा धडा

या बाबतीत किर्लोस्करांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. लोखंडी नांगराने जमीन बिघडते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नांगर सुरुवातीला खपेनात. पुढे १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागले. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेणारे हे मासिक शंकरराव किर्लोस्कर चालवीत. ते घरचेच होते. नांगर कसा घडतो हे त्यांना दुसऱ्याला विचारावे लागत नव्हते. तुमच्या-आमच्या दुकानाला असा घरचा लेखक कुठून मिळणार? मग बाहेरच्या लेखकाला निदान एक दिवस तरी घरचा करून घ्यावा.

काम देताना

दुसऱ्या खेपेस आम्ही त्याच तरुणाला बोलावले आणि पुढीलप्रमाणे काम केले.

पहिली गोष्ट, त्याची आधीची कामे पाहिली. नवा लेखक असेल तर आधी एक लहान काम द्यावे, पण त्याचे पैसे द्यावेत. फुकट नमुना मागू नये. आपण तरी कोणाला फुकट सदरा शिवून देतो का?

दुसरी गोष्ट, त्याला दिवसभर दुकानात बसवले. त्याने कापड हाताळले, पन्हा किती, धुतल्यावर आटते का, रंग पक्का आहे का, हे विचारले. गिऱ्हाईक काय बोलते ते ऐकून टिपून घेतले. मालातले उणे आम्ही स्वतः सांगितले. लेखकापासून दोष लपवला तर तो गिऱ्हाइकापासून आपोआप लपतो. आजकाल मोबाइलवरचे यंत्रही क्षणात जाहिरात लिहून देते, पण कापडाला त्याचाही हात लागलेला नसतो.

तिसरी गोष्ट, सारे कागदावर ठरवले: काम किती, पैसे किती, आगाऊ किती, तारीख कोणती, दुरुस्त्या किती वेळा. व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला सूरह बकरातच मिळाली आहे. इथे कायद्याची एक बाब पुष्कळांना माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा असतो. स्वतंत्र लेखकाने लिहिलेल्या मजकुराचे तसे नाही. त्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. तो आपल्याकडे हवा असेल तर लेखी आणि सहीनिशी घ्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणून मुदत स्पष्ट लिहावी.

चौथी गोष्ट, छापण्यापूर्वी प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून घेतले. आमच्यासारख्या उर्दू माध्यमवाल्याने लाजू नये. पोराकडून वाचून घ्यावे, पण ऐकावे स्वतः. "अस्सल", "शुद्ध", "शंभर टक्के", "गॅरंटी" असा शब्द आला की थांबावे आणि विचारावे, हे आपण गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणू का? दर आणि फोन नंबर दोनदा तपासावेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला फसवी जाहिरात बंद करायला लावण्याचा अधिकार दिला आहे. उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा जे बंधू स्वतः माल तयार करतात त्यांनी अधिक जपावे. "लेखकाने लिहिले" ही सबब कोणी ऐकणार नाही.

पाचवी गोष्ट, काम पसंत पडताच उरलेले पैसे त्याच दिवशी दिले. आपली उधारी अडकते तेव्हा आपली काय गत होते, हे आपण जाणतोच.

नव्या पत्रकावर त्या तरुणाने लिहिले: "सेमी पैठणी, यंत्रमागावरची. वजनाला हलकी, किंमत १,८०० रुपये. अस्सल पैठणी हवी असल्यास येवल्याहून मागवून देऊ." आम्हाला धास्ती होती की असे साधे लिहिले तर कोण येणार? पण गिऱ्हाईक आले. दोघांनी तर येवल्याच्या पैठणीची मागणीही नोंदवली.

त्या वयस्कर बाई मात्र अजून दुकानात आलेल्या नाहीत. छपाईचा खर्च आमचा कधीच वसूल झाला, ते एक गिऱ्हाईक मात्र गेले ते गेलेच. बंधूंनो, लिहिणारा बाहेरचा असला तरी पत्रकाखाली नाव आपल्या दुकानाचे असते. लेखकाला पैसे देण्याआधी त्याच्या हातात आपला माल द्या.